दादासाहेबांचा गुरुवार

सदर बाजाराच्या मागच्या गल्लीत एक आटाचक्की आहे. तिच्या दारात गव्हाची पोती तोलायचा जुना लोखंडी काटा आहे. गेल्या चार वर्षांत त्या काट्यावर पुण्याच्या दोन प्राध्यापिका, भोपाळचे एक निवृत्त न्यायाधीश, जबलपूरहून आलेली बायकांची एक अख्खी भिशी आणि लग्नाला आठच दिवस झालेलं एक जोडपं बसून गेलं. बसण्याआधी सगळ्यांनी हात जोडले. बसल्यावर चक्कीवाल्या दुखूरामनं प्रत्येकाचं वजन मोठ्यानं सांगितलं. न्यायाधीश एकसष्ट किलो भरले आणि तेवढ्यावर समाधानी दिसले.

ह्या सगळ्याला मी जबाबदार आहे.

मी मूळचा रेल्वेच्या पार्सल ऑफिसातला माणूस. आयुष्यभर दुसऱ्यांच्या पेट्या, सायकली आणि आंब्याच्या करंड्या बरोबर ठिकाणी गेल्या की नाही ते पाहिलं. काही गेल्या. रिटायर होऊन घरी बसलो तेव्हा मंदानं, म्हणजे माझ्या बायकोनं, पंधरा दिवस माझं बोलणं सोसलं. सोळाव्या दिवशी ती म्हणाली, "अहो, एवढं बोलून राहिले तुम्ही, तर बाहेर कोणी ऐकणारं आहे का पहा ना." माझ्या भाच्याचं इथे प्रवासी कंपनीचं ऑफिस आहे. बाहेरगावच्या लोकांना जंगल दाखवा, धबधबा दाखवा असं त्याचं काम. त्यानंच सुचवलं की मामा, तुम्ही शहर दाखवा. कोणता लेखक कुठे राहायचा, कोणता कवी कुठे बसायचा, असं. मी म्हटलं, मला काय माहीत. तो म्हणाला, लोकांना तर तेवढंही माहीत नाही.

तेव्हापासून मी रायपुरात लेखकांच्या जागा दाखवतो.

बाहेरच्याला वाटतं, ह्या कामाला मोठा अभ्यास लागतो. अभ्यास थोडा लागतो, पण त्याआधी सावली लागते. शनिवारी-रविवारी सकाळी सात वाजता बुढा तालाबापाशी दहा-बारा माणसं गोळा करायची आणि दोन-अडीच तास पायी फिरवायची. गोष्ट कितीही चांगली असली तरी उन्हात सांगायची नाही. दुसरं म्हणजे वाटेत बाथरूम कुठे आहे ते लेखकाच्या जन्मगावाआधी पाठ असावं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, घर दाखवतो असं चुकूनही म्हणायचं नाही. "घराची जागा" दाखवतो म्हणायचं. आधी लेखक जातो, मग घर जातं, जागा तेवढी उरते, आणि तिच्यावर टाइल्सचं दुकान उघडतं.

एका मोठ्या हिंदी कवीची खोली जिथे होती तिथे आज नळ आणि संडासाची भांडी विकणारी शोरूम आहे. कवीचं टेबल जिथे असायचं, बरोबर त्याच कोपऱ्यात पांढरीशुभ्र कमोड ओळीनं मांडलेली आहेत. नागपूरचे एक गृहस्थ त्या कोपऱ्यात डोळे मिटून दोन मिनिटं उभे राहिले. डोळे उघडले तर समोर सेल्समन. त्यानं अदबीनं विचारलं की साहेब, भिंतीवरचं दाखवू का जमिनीवरचं.

दुसऱ्या एका लेखकाचं घर मी तब्बल दीड महिना चुकीचं दाखवलं. ते एका दातांच्या डॉक्टरचं निघालं. माझी माणसं उंबऱ्याला हात लावून नमस्कार करायची, आणि डॉक्टरच्या म्हाताऱ्या आईला वाटायचं की मुलाच्या हातगुणाचं नाव फार पसरलं. ती सगळ्यांना पाणी द्यायची. कोलकात्याचे एक आजोबा तर त्या पायरीवर बसून ढसाढसा रडले. खरं घर रस्त्याच्या पलीकडे होतं, हे मला पुढच्या आठवड्यात कळलं. त्यांना मी कळवलं नाही. एवढं रडून झालेल्या माणसाला समोरच्या घराकडे वळवणं बरं दिसत नाही.

पण ह्या किरकोळ गोष्टी. माझ्या हातून घडलेलं खरं मोठं काम म्हणजे दादासाहेब हिंगव्यांचा काटा.

दादासाहेब हिंगवे मराठी कथाकार. घराणं भोसल्यांच्या राज्यात इकडे आलेलं, आणि दादासाहेबांनी सगळं आयुष्य रायपुरात काढलं. त्यांच्या कथांमधल्या गल्ल्या, तलाव, भांडणं, सगळं इथलं. वाचणारे अजून आहेत, आणि दुरून येतात. त्यांचं घर होतं त्या जागी आज सोन्याचांदीची पेढी आहे. तिच्या दाराशी बंदूकवाला पहारेकरी असतो. आम्ही दर खेपेला समोरच्या फुटपाथवरून जागा पाहायचो आणि तो आमच्याकडे पाहायचा.

एप्रिल महिना होता. त्या दिवशी चौदा माणसं होती, त्यात त्या पुण्याच्या प्राध्यापिका. मी "ह्याच जागी" एवढंच म्हणालो आणि पहारेकऱ्यानं बंदुकीच्या नळीनं आम्हाला पुढे चला अशी खूण केली. चौदा माणसं बोटानं दुकान दाखवून कुजबुजत असली तर त्याचंही चुकलं नाही. आम्ही घाईनं मागच्या गल्लीत शिरलो. ऊन तापलं होतं. समोर दुखूरामच्या चक्कीचं पत्र्याचं छप्पर दिसलं, तिथे मी सगळ्यांना उभं केलं आणि पाण्याची बाटली तोंडाला लावली.

एका प्राध्यापिकेनं वही उघडली. "आणि इथे काय?"

पाणी गिळायला जेवढा वेळ लागतो तेवढाच माझ्याजवळ होता. मी आजूबाजूला पाहिलं. पोती होती, पिठाचा धुरळा होता, आत दगड गरगरत होते, दारात काटा होता. मी म्हणालो, "हा काटा."

पुढचं आपोआप आलं. दादासाहेब दर गुरुवारी स्वतः गव्हाचा डबा घेऊन ह्या चक्कीवर यायचे. नंबर लागायला तास-दीड तास जायचा. बसायला दुसरं काही नसे, म्हणून ते ह्या काट्यावर बसत आणि मांडीवर वही घेऊन लिहीत. त्यांच्या वाक्यांमधून जी घरघर ऐकू येते ती ह्याच दगडांची. गुरुवार मी का म्हणालो, ते मला विचारू नका. थापेला वार लागतो. वार सांगितला की लोक साल विचारत नाहीत.

एकजण हलक्या आवाजात म्हणाले, "आत्ता उलगडलं." काय उलगडलं ते मी विचारलं नाही. प्राध्यापिकाबाईंनी काट्याला नमस्कार केला आणि त्या अलगद त्याच्यावर बसल्या. तेवढ्यात पिठानं पांढरा झालेला दुखूराम बाहेर आला. काट्यावर काहीतरी ठेवलेलं दिसलं की त्याचा हात पितळी वजनाकडे जातोच. त्यानं ते सरकवलं आणि नेहमीच्या आवाजात सांगितलं, "छप्पन किलो सात सौ."

बाईंना वाटलं, हा विधीचाच भाग. त्यांनी ते वहीत लिहून घेतलं.

तिथून पुढे काटा माझ्या हातात राहिला नाही. दुखूरामला मी हिंदीत समजावलं की फार मोठे लेखक इथे बसत. तो म्हणाला, "हव भैया," आणि कामाला लागला. पण तिसऱ्या खेपेला गेलो तर काट्यावर झेंडूचा हार. पोती तोलायला त्यानं आत दुसरा काटा आणला होता. पाचव्या खेपेला एक तांब्या आला, ह्यातून मोर ददा, म्हणजे त्याचा बाप, उनको पानी पिलाता था म्हणे. पुढे तर दादासाहेब त्याच्या ददाला गोष्ट आधी वाचून दाखवत आणि ददा "ठीक है" म्हणाला तरच छापायला पाठवत, इथवर गाडी गेली. मी बाजूला उभा राहून ऐकायचो. थाप मारणाऱ्याला स्वतःचीच थाप पुढच्या इयत्तेत गेलेली दिसते, तेव्हा जरा अभिमानच वाटतो.

एक गोष्ट तेव्हा मी पाहिली, पण समजलो नाही. दुखूरामच्या चक्कीपाशी "दर गुरुवारी" असं म्हटलं की रायपूरच्या बायका हसायच्या. पुरुष लिहून घ्यायचे. चौबे कॉलोनीच्या एक बाई तर एकदा "गुरुवारी?" एवढंच म्हणाल्या, माझ्याकडे मायेनं पाहिलं आणि पदर तोंडाला लावला. मला वाटायचं, बायकांना साहित्य जास्त भिडतं.

मागच्या हिवाळ्यात दुखूराम माझ्या घरी आला. तो चक्की सोडून कुठे जाताना मी कधी पाहिला नव्हता. त्याच्या जागेच्या मालकानं, मनोज भैयानं, चक्की काढायला सांगितलं होतं. शेजारच्या चपलांच्या दुकानाला गोदाम हवं होतं. दुखूरामच्या चक्कीचा खालचा दगड त्याच्या ददानं जमिनीत बसवलेला. तो उपटून दुसरीकडे न्यायचा तर फुटणार, आणि ह्या वयात त्याला नवी जागा कोण देणार. तर त्यानं मनोज भैयाला काट्याची गोष्ट सांगितली होती.

मनोज भैयाला दगडावर नाव कोरून घेण्याची आवड आहे. पाणपोईवर त्याचं नाव आहे, धर्मशाळेच्या जिन्यावर आहे, एका मुतारीवरही आहे. लेखकाच्या नावाखाली आपलं नाव, ही गोष्ट त्याला एकदम पटली. तो म्हणाला, असं असेल तर संगमरवरी दगड लावू, मग चक्की काढायचा प्रश्नच नाही. पण उद्या कोणी हसायला नको. लेखकाच्या घरच्यांनी येऊन माझ्यासमोर सांगावं की हो, बसत होते. दादासाहेबांची मुलगी अभनपूरला राहते, हे त्यानं कुठूनतरी काढलं होतं.

दुखूराम माझ्यापुढे हात जोडून म्हणाला, "भैया, आप तो सब जानते हो. दीदी को ले आओ बस."

त्याच्या डोळ्यांत शंकेचा कणही नव्हता. पिठाचे होते.

तो गेल्यावर मी मंदाला खरं काय ते सांगितलं. मला वाटलं, ती हसेल. तिनं भाजी चिरायची थांबवली. "म्हणजे त्या माणसाची चक्की आता तुमच्या तोंडावर टिकून आहे," ती म्हणाली. "उद्या अभनपूरले जा आणि त्या बाईले खरं सांगून टाका. मग ती काय म्हणते ते म्हणो."

गेलो. बसमध्ये सगळा वेळ प्रस्तावना तयार करत होतो. सुमनताई, म्हणजे दादासाहेबांची मुलगी, मंडीच्या मागे एका बैठ्या घरात राहतात. शाळेच्या मोठ्या बाई म्हणून रिटायर झालेल्या, वय अठ्ठ्याहत्तर, अंगानं काडी. ओसरीवर सूप घेऊन गहू निवडत बसल्या होत्या. मी दादासाहेबांच्या शैलीपासून सुरुवात केली. त्या मान वर न करता म्हणाल्या, "मुद्द्यावर या."

आलो. पहारेकरी, ऊन, काटा, हार, तांब्या, दुखूरामचा ददा, मनोज भैया, सगळं ओकलो. चार वर्षं त्यांच्या वडिलांच्या नावावर मी लोकांना खोटं सांगत होतो, हेही सांगितलं. त्या गहू निवडत राहिल्या. एक खडा काढून अंगणात टाकला आणि एकच प्रश्न विचारला.

"वार कोणता सांगता?"

"गुरुवार."

त्या माझ्याकडे पाहत राहिल्या. शाळेत पाढा चुकलेल्या पोट्ट्याकडे पाहत असतील तशा. मग पुन्हा सुपात पाहून म्हणाल्या, "येते मी. येत्या गुरुवारीच येते. त्या मालकालाही बोलवा."

"पण तुम्ही काय सांगणार?"

"ते तिथे पाहू," त्या म्हणाल्या. "तुम्ही मला विचारून थाप मारली होती का?"

गुरुवारी सकाळी दहाला मी चक्कीवर पोचलो, तर शटर अर्धं खाली. मी वाकून आत शिरलो. पट्टा उतरवलेला, वरचा दगड उचलून बाजूला उलटा ठेवलेला, आणि दुखूराम त्याच्यापुढे बसून छिन्नी-हातोडीनं टाकी मारत होता. दगड झिजून गुळगुळीत झाला की गहू नुसता तापतो, पीठ होत नाही. म्हणून त्याला पुन्हा खरबरीत करावं लागतं.

मी विचारलं की आजच हे काय काढलं. तो म्हणाला, "आज तो टांकी का दिन है भैया. गुरुवार को पूरे शहर की चक्की बंद. ददा के जमाने से."

चार वर्षं मी शनिवारी-रविवारी आलो होतो. गुरुवारी कधीच नाही. शहरात एक बाई अशी नसेल जिला हे माहीत नाही, आणि मी छाती पुढे काढून सांगत होतो की दादासाहेब दर गुरुवारी नंबर लावून बसायचे आणि त्यांच्या वाक्यांत दगडांची घरघर उतरायची. मी दुखूरामला विचारलं की मग इतके दिवस बोलला का नाहीस. त्याला प्रश्नच कळला नाही. त्याच्या मते मोठी माणसं बंदच्या दिवशीच येत असणार, गर्दी नको म्हणून.

बाहेर मोटरसायकल थांबली. मनोज भैया आला, अर्धं शटर पाहिलं, काट्यावरचा हार पाहिला आणि नेमकं नको तिथे बोट ठेवलं. "आज गुरुवार है ना? और ये बंद है?"

मी बोलायला तोंड उघडलं. पार्सल ऑफिसात हरवलेल्या पेटीबद्दल मी कुणालाही अर्धा तास बोलण्यात गुंतवू शकत असे. त्या दिवशी एक शब्द निघेना. दुखूराम हातात हातोडी घेऊन माझ्या तोंडाकडे पाहत होता, जणू काट्यावर काहीतरी ठेवलंय आणि वजन मला सांगायचं आहे.

तेवढ्यात ई-रिक्षातून सुमनताई उतरल्या. हातात गव्हानं भरलेला पत्र्याचा डबा. तो त्यांनी न बोलता माझ्या हातात दिला. मग काट्यापाशी गेल्या, हार बाजूला केला आणि बसल्या.

दुखूरामचा हात आपोआप वजनाकडे गेला. "बयालीस किलो, दीदी."

मनोज भैयानं नमस्कार केला आणि सरळ विचारलं, "दीदी, ये लोग बोलते हैं बाबूजी हर गुरुवार को आते थे. गुरुवार को तो चक्की बंद रहती है."

"हां," सुमनताई म्हणाल्या. "गुरुवार को ही आते थे. डिब्बा लेकर. बंद देखते, तो यहीं बैठ जाते, लिखते रहते. फिर वही गेहूं लेकर घर वापस."

"हर गुरुवार?"

"हर गुरुवार."

मनोज भैया विचारात पडला. "मतलब... हर बार भूल जाते थे?"

सुमनताईंनी त्याच्याकडे शांतपणे पाहिलं. "लेखक थे, भैया."

मनोज भैयाचा चेहरा उजळला. एवढं कारण त्याला पुरलं. त्यानं लगेच फोन काढून दगडवाल्याला बोलावलं आणि भिंतीवर हातानं माप दाखवलं, लेखकाचं नाव इथे, आपलं जरा खाली पण जरा मोठं. दुखूराम परत दगडापाशी बसला आणि टाकी मारू लागला. ठक ठक आवाज फार जोरात येत होता. त्याच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं, आणि गालावरच्या पिठात त्याच्या दोन वाटा पडून कणीक झाली होती.

मी सुमनताईंना बस स्टँडवर सोडायला गेलो. डबा माझ्याच हातात होता. बाकावर बसल्यावर मी म्हटलं, ताई, मला वाटलं, खरंच आले असतील कधीतरी.

"बाबा?" त्या म्हणाल्या. "बाबांना पीठ डब्यातच उगवतं असं वाटायचं. आई दर आठवड्याला म्हणायची, अहो, एवढा डबा चक्कीवर टाकून या. ते म्हणायचे, हा परिच्छेद होऊ दे. आई गेली तरी तो परिच्छेद संपला नव्हता. डबा तीच न्यायची. तिच्या मणक्याचं दुखणं सुरू झाल्यावर मी." त्यांनी पदरानं चष्मा पुसला. "तुम्ही गुरुवार म्हणालात तेव्हाच मला कळलं, ही थाप कोण्या पुरुषाची आहे. जो चक्कीवर कधी गेलाच नाही त्याची."

मी डबा मांडीवर घट्ट धरून बसलो.

"तर काहून सांगितलं असं?" मी विचारलं.

"चार वर्षं झाली, दुरून दुरून लोक येऊन राहिले आणि ऐकून राहिले की माझे बाबा स्वतः गहू दळायला जायचे. आईनं हे ऐकलं असतं तर." त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "जिवंतपणी नाही गेले. दगडावर तरी जाऊ द्या. आणि गुरुवारच लिहा बरं. गेले असते तर बंदच्याच दिवशी गेले असते."

बस लागली. चढताना त्यांनी वळून सांगितलं की डबा उद्या दळून घ्या, जरा जाडसर, आणि अभनपूरला आणून द्या. ही विनंती नव्हती.

डबा घेऊन घरी आलो. मंदानं दारातच पाहिला. मी तिला सगळं सांगितलं, अगदी मणक्यापर्यंत. ती आत गेली आणि आमचा डबा घेऊन आली, काठोकाठ भरलेला, आणि सुमनताईंच्या डब्याशेजारी ठेवला.

मी म्हटलं, हा कशाला.

"मेलेल्या माणसाले दगडावर पाठवलं ना तुम्ही," ती म्हणाली. "जित्या माणसानं पायानं जावं."

दगड लागला. पांढरा संगमरवर, काळी अक्षरं. सुप्रसिद्ध कथाकार श्री दादासाहेब हिंगवे प्रति गुरुवार स्वयं गेहूँ लेकर यहाँ पधारते थे. खाली मनोज भैया, खरंच जरा मोठा. चपलांचं गोदाम दुसऱ्या गल्लीत गेलं. माझी माणसं आता दगडासोबत फोटो काढतात, रायपूरच्या बायका तो वाचून आधीपेक्षा जास्त हसतात, आणि आता मीही त्यांच्यात हसतो. थाप तशीच सांगतो. फक्त नंबर लागायला दीड तास लागायचा, हे वाक्य मी काढून टाकलं. पंचवीस मिनिटं लागतात. आता मला माहीत आहे.

दर शुक्रवारी मी दोन डबे घेऊन चक्कीवर जातो. एक आमचा, एक अभनपूरचा. बसायला दुसरं काही नाही, म्हणून काट्यावर बसतो. ह्या सगळ्यावर लिहा म्हणून एका मासिकाच्या संपादकांचा फोन आला तेव्हा तिथेच होतो. हा मजकूर त्याच काट्यावर, मांडीवर वही घेऊन लिहिला आहे, आणि वाक्यांमधून काही घरघर ऐकू आली तर ती खरोखर ह्याच दगडांची आहे. एका तरी माणसाच्या बाबतीत माझी गोष्ट खरी निघाली.

दुखूरामनं आत्ताच वजन सांगितलं. एक्क्याऐंशी किलो, डब्यांसकट.